मादी मोठी का, हे राहूनच गेलं

‘नर भांडतात म्हणून नर मोठे’ हे बेडकांवरच्या लेखातलं सरसकट विधान पटलं नाही. आफ्रिकन बुलफ्रॉगला ते लागू पडतं, पण बेडकांच्या सुमारे ९० टक्के जातींत मादीच मोठी असते. मोठ्या पोटात जास्त अंडी मावतात. शिवाय ती बहुधा उशिरा वयात येते, तोवर वाढत राहते.

आमच्या बडोद्यात पहिला दमदार पाऊस झाला की विश्वामित्री नदीकाठच्या डबक्यांत आपल्याकडच्या भारतीय बुलफ्रॉगचे पिवळेधमक नर जमतात, गळ्याशी दोन निळ्या पिशव्या फुगवून ओरडतात. धक्काबुक्की जोरात चालते, तरी ज्या मातकट मादीच्या पाठीला नर चिकटलेला असतो ती त्याच्याहून थोराडच! थोडक्या रात्रींत सगळं उरकायचं, तिथे दांडगाईपेक्षा आधी गाठणाऱ्याचं फावतं. विणीचा हंगाम किती दिवसांचा, हे लेखात यायलाच हवं होतं.