भिंत ओलांडेना

"बरो रेडियो हाडला मरे!" समोरच्या घरातल्या मामांनी परवा माझ्या नव्या हायफायचं असं स्वागत केलं. ॲम्प्लिफायर, इंटरनेटवरून गाणी ओढणारा नेटवर्क स्ट्रीमर, दोन लाकडी स्पीकर. किंमत सांगत नाही, बायको हे वाचते. आणि हे म्हणतात रेडियो! रेडियो असता तर कान पिळल्यावर वाजला तरी असता. माझं यंत्र वाजत नव्हतं, आणि मामा खास ते न वाजणं ऐकायला आले होते.

गोव्यातल्या म्हार्दोळजवळचं आमचं घर जुनं, जांभ्या चिऱ्याचं. भिंती इतक्या जाड की खिडकीत मांडी घालून बसावं. फायबरची लाइन बाल्कांवाशी, म्हणजे दारापुढच्या ओट्याशी येते, राउटर तिथंच. हायफाय मात्र वसरीपलीकडे, आतल्या खोलीत, कारण पुढे ठेवलं की येणारा-जाणारा त्यावर छत्री ठेवतो. दुकानदार म्हणाला होता, "वायफाय आहे ना घरात? मग झालं." त्याने चिऱ्याचं घर आतून पाहिलेलं नसावं. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान खरा, पण जाड भिंत दिसली की तिथंच बसतो. २.४ चा जरा चिवट, तो रडतखडत पुढे येतो. त्यात पावसाळा. चिरा महिनाभर पाणी पितोय, आणि पाण्याचं नि वायफायचं कधीच जमलेलं नाही.

इंटरनेटवाल्यांना फोन केला. पलीकडच्या मुलीने राउटर बंद करून चालू करायला लावला आणि मग म्हणाली, "सर, आपला प्लॅन १०० मेगाबिटचा आहे, ३०० चा घ्या." आता सीडीच्या दर्जाचं गाणं म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, डावा-उजवा मिळून दोन वाटा. सगळा हिशेब केला तरी दीड मेगाबिटही होत नाही, आणि फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घटवता दाबलं तर त्याहून बरंच कमी. शंभरात ते सहज मावतं. अडचण वेगाची नाहीच, सलग पोचण्याची आहे. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "ओके सर, मग अपग्रेड करू?"

पण मामांकडे येतो. गावच्या जत्रेतल्या नाटकांना मामांनी उभा जन्म माइक लावले. त्यामुळे आवाज या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. ते आले, सोप्यावर टेकले नाहीत, थेट आत येऊन स्पीकरसमोर उकिडवे बसले आणि त्याच्या जाळीत तोंड घालून म्हणाले, "हॅलो. चेक. चेक."

"मामा, हा माइक नव्हे. यातून आवाज येतो."

"येतो खंय?"

मी गप्प. फोनवर गोल चक्र फिरत होतं.

"हें गाणं येतं कुठून?"

"इंटरनेटवरून."

"म्हणजे खंयच्यान?"

"सर्व्हरवरून. मुंबईला असेल, सिंगापूरला असेल."

मामांनी पानाचा बार एका गालातून दुसऱ्या गालात घेतला. "म्हणजे सिंगापूरसावन समुद्रातून, डोंगरातून गाणं तुझ्या बाल्कांवापर्यंत आलं."

"हो."

"आणि बाल्कांवातून खोलीत येईना."

"नाही."

"मागीर बाहेरच ऐक मरे!"

याला उत्तर नाही. जगातल्या एकाही मॅन्युअलमध्ये नाही.

मी लावायला घेतलं होतं केसरबाई केरकरांचं जुनं रेकॉर्डिंग. केरी आमच्याच फोंडा तालुक्यातलं, म्हणून जरा अभिमानाने. त्या काळच्या तबकडीत जेमतेम तीन मिनिटं मिळायची, तेवढ्यात बाई अख्खा राग उभा करत. इथे पहिली तान अर्ध्यावर आली आणि चक्र फिरू लागलं. मामांना मी सांगितलं की केसरबाईंचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात पाठवलाय, यान आता सूर्याच्या वाऱ्याचीही हद्द ओलांडून गेलंय. मामा म्हणाले, "तिथं भिंत नसतली."

शेवटी वायरच घालायची ठरली. नेटवर्कची कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत बिनबोभाट चालते, मला वीसही लागणार नव्हती. इलेक्ट्रिशियन 'फाल्यां येतां', म्हणजे उद्या येतो, म्हणाला. गोव्यात हे फाल्यां कॅलेंडरात सापडत नाही. माणूस धड नाही म्हणाला तर दुसऱ्याला तरी बोलावता येतं, पण नाही म्हणणं म्हणजे वाईटपणा. त्यापेक्षा समोरच्याचा आठवडा वाया गेलेला बरा. एका संध्याकाळी उगवला, भिंतीवर टिचकी मारली आणि म्हणाला, "पात्रांव, हो चिरो. बिस्कीट न्हय." खाणीतून काढताना मऊ असतो म्हणे, वारा लागला की घट्ट होतो. आमच्या भिंतीला पणजोबांपासूनचा वारा लागलाय. तेवढ्यात बायको बाहेर आली. "चवथ तोंडावर आलीय, रंग आत्ता दिलाय. भोक पाडायचं नाही."

म्हणून केबल खिडकीतून. बाहेरून वळचणीखालून, पागोळ्या चुकवत. टोकाच्या क्लिपमध्ये आठ बारीक तारा, नारिंगी-हिरव्या-निळ्या-तपकिरी, ठरलेल्या क्रमानेच बसवायच्या. मामा मागून बॅटरी धरून सल्ले देत होते की रंग कसले बघतोस, आम्ही दोन तारांत अख्खं नाटक ऐकवलं. आता ती खिडकी बंद होत नाही. डास येतात. गाणं येतं, हे मान्य. तेही अगोदर ॲपमध्ये खातं काढ, मग अपडेट घे, मग कुठली तरी संमती दे, एवढं केल्यावर. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाचा स्पीकर वाजवायला मला कंपनीची परवानगी! उद्या त्यांनी आपला सर्व्हर बंद केला तर या लाकडी पेट्यांवर खरंच छत्र्या ठेवाव्या लागतील.

केसरबाई अखेर तीन मिनिटं सलग गायल्या. मामांनी डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर म्हणाले, "साफ आहे. पण देवळापर्यंत पोचत नाही." इतक्यात फोन वाजला. इंटरनेटवाल्यांची तीच मुलगी, आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल विचारत होती. मी फोन मामांकडे दिला.

"हॅलो," मामा म्हणाले. "चेक. चेक."