साल फुकट, पण वाळवणं?

‘रसाच्या कारखान्यातला कचरा फुकटच मिळतो, त्यामुळे बुरशीनाशक अर्क स्वस्त पडेल’ हे डाळिंबाच्या सालीच्या अर्काने संत्र्यांवरची बुरशी रोखण्याबद्दलच्या लेखातलं वाक्य वाचून हसू आलं. पुण्यात गुलटेकडीला मार्केट यार्डाजवळ आमचं रसाचं दुकान होतं. डाळिंबाच्या वजनातला निम्म्याच्या आसपास भाग सालीतच जातो, म्हणजे माल भरपूर. पण साल ओली असते हो! एका जुलैत मी हौसेने दोन पोती साली गच्चीवर पत्र्याखाली पसरल्या. तिसऱ्या दिवशी उलथून बघतो तर खालच्या थराला हिरवट लव. बुरशी मारणाऱ्या सालीलाच बुरशी! बायको अजून टोमणे मारते. खरा खर्च आहे तो वाळवण्याचा, तोही त्याच दिवशी. ड्रायरचं वीजबिल धरा आणि मग ‘फुकट’ म्हणा.

दुसरं म्हणजे लेखात अर्क उकळायच्या भांड्याचा उल्लेखच नाही. सालीत प्युनिकॅलॅजिनसारखी टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं असतात, बुरशीला रोखण्यात त्यांचाच मोठा वाटा. पण लोखंडाशी गाठ पडली की त्यांची काळी शाई होते. मी लोखंडी कढईत उकळून बसलो होतो, ओट्यावरचा डाग आजही आहे. स्टीलचंच पातेलं घ्या. आणि बागेत फवारलेल्या औषधांचे अंश सालीवर राहतात, अर्क आटवला की तेही दाट होऊ शकतात. ते न तपासता संत्र्यांवर फवारून वर ‘नैसर्गिक’ची चिठ्ठी चिकटवायची, हे मला तरी पटत नाही. संत्र्यावरच्या हिरव्या पेनिसिलियम बुरशीचं उदाहरण मात्र चपखल दिलंय.