इजिप्त न बघता परत यावं कसं

इजिप्त बघून येणं अजिबात अवघड नाही. व्हिसा मिळाला, विमान उतरलं की डोळे उघडे ठेवायचे, बाकी सगळं आपोआप होतं. खरं कसब लागतं ते यादीतलं सगळं करून यायला आणि त्यातलं काहीही डोक्यात शिरू न द्यायला. आपल्या माणसांना हे उपजत येतं, पण इजिप्तसारख्या देशात सवय मोडण्याची भीती असते. म्हणून हे चार शब्द.

पहिला धोका म्हणजे गिझाचं नवं ग्रँड इजिप्शियन म्युझियम. पायाभरणी २००२ ची, थाटामाटात उद्घाटन नोव्हेंबर २०२५ मध्ये. (आपल्याकडचे उड्डाणपूल पाहिलेल्यांनी यावर नाक मुरडू नये.) आत पाऊल टाकल्या टाकल्या अकरा मीटर उंचीचा, ८३ टनांचा दुसरा रामसेस राजा पुतळ्याच्या रूपात समोर उभा राहतो. त्याला ताबडतोब पाठ दाखवा. पाठ दाखवल्याशिवाय सेल्फी निघत नाही. हाच पुतळा पन्नासेक वर्षं कैरोच्या रेल्वे स्टेशनसमोर गाड्यांचा धूर खात उभा होता आणि २००६ मध्ये तिथून हलवला, असं गाइड सांगू लागेल. त्या वेळी 'वॉशरूम कुठे आहे?' हा प्रश्न फार कामाला येतो.

पुढे भव्य जिना आहे. दोन्ही बाजूंना राजे, देव, शवपेट्या, आणि वर पोचलं की काचेपलीकडे थेट पिरॅमिड. ज्याने हे योजलं त्याने तुमची पायरी-पायरीला अडवणूक करायची असंच ठरवलेलं दिसतं. शेजारचा सरकता जिना धरा. तीन हजार वर्षं मिनिटात मागे पडतात.

तुतनखामेन या पोरसवदा राजाच्या दालनात पाच हजारांवर वस्तू मांडल्या आहेत. टूरवाले म्युझियमला दीड तास देतात. दीड तासाचे सेकंद होतात ५,४००, म्हणजे वस्तूमागे एक सेकंद. हिशोब चोख आहे, उगाच तक्रार करू नका. फक्त त्याच्या चपलांपाशी रेंगाळू नका. तळव्यावर शत्रूंची चित्रं काढलेली आहेत, म्हणजे पोरगा चालला की प्रत्येक पावलाला शत्रू तुडवला जायचा. असं काही दिसलं की माणूस वाकून बघतो, मग विचार करतो, आणि मागून आवाज येतो, "अहो काका, सरका ना पुढे!" सोन्याच्या मुखवट्यासमोर मात्र गर्दीत घुसा आणि फोन डोक्यावर धरा. मधल्या माणसांच्या टकलांसकट जे येईल ते येईल. मुखवट्याची दाढी निरखू नका. ती २०१४ मध्ये निखळली होती आणि म्युझियमच्याच माणसांनी घाईघाईत इपॉक्सीने चिकटवली होती. मग तज्ज्ञांनी तो डिंक खरवडून काढला आणि मधमाश्यांच्या मेणाने ती नीट बसवली. हे कळलं तर तुम्हाला त्या मुखवट्याबद्दल आपुलकी वाटू लागेल, आणि आपुलकी वाटली की वेळ जातो.

ममींचं काम तसं सोपं आहे. २२ राजेराण्यांना ३ एप्रिल २०२१ रोजी कैरोच्या तहरीर चौकातल्या जुन्या म्युझियममधून वाजतगाजत मिरवणुकीने त्याच शहरातल्या फुस्तातच्या राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयात नेलं. तिथल्या ममींच्या दालनात फोटो काढायला बंदी आहे. फोटो निघत नाही, तर बघून उपयोग काय? बाहेर बाकावर बसा. आत गेलातच तर तोच रामसेस भेटेल, या वेळी हाडामांसाचा, गरुडासारख्या नाकाचा, मेंदी लावून रंगवलेल्या केसांचा. त्याच्या नाकपुड्यांत काळी मिरी सापडली होती. ती गेली आपल्या मलबारकडून, बत्तीसशे वर्षांपूर्वी. नवऱ्याला ही गोष्ट ऐकवायला जाल तर तो विचारेल, "जेवणाचं काय?" आणि ममीच बघायची तर ती सयाजीरावांनी केव्हाच बडोद्याला आणून ठेवली आहे. पण बडोद्याला जाऊन आल्याचं कोणी स्टेटसला टाकतं का?

पिरॅमिडपाशी आधी तिकिटावरून भांडा. स्थानिकांना कमी आणि आपल्याला कितीतरी पट जास्त, हा शुद्ध अन्याय आहे. अजिंठ्याला आपण ४० रुपये देतो आणि परदेशी पाहुण्याकडून ६०० घेतो, ती गोष्ट वेगळी, तो देशाभिमान. आत जायचं तिकीट आणखी वेगळं. ते काढाच, कारण वाकून, घामाघूम होऊन, गुडघ्यांना शिव्या देत राजाच्या दालनात पोचलं की तिथे झाकण नसलेली एक रिकामी दगडी पेटी आहे आणि बाकी काही नाही. "एवढ्यासाठी?" असं म्हणायची याहून चांगली जागा जगात नसेल. तेवीस लाखांच्या आसपास दगडांच्या पोटात, कातीव ग्रॅनाइटच्या छताखाली आपण उभे आहोत, याकडे लक्ष गेलं तर ते वाक्य तोंडातच राहील. सांभाळा.

उंटावर बसायचा भाव आधी ठरवून घ्यावा असं सगळे सांगतात. घ्या. उतरायचा भाव तुम्ही वर बसल्यावर ठरतो. 'इंडिया? अमिताभ बच्चन!' अशी हाक आली की विरघळा. स्फिंक्सचं नाक नेपोलियनने तोफेने उडवलं ही कथा श्रद्धेने ऐका. १७३७ मध्ये नॉर्डेन नावाच्या डॅनिश माणसाने काढलेल्या चित्रात स्फिंक्सला नाक नाही, आणि नेपोलियन जन्मला १७६९ मध्ये. पण चांगल्या कथेत नाक खुपसू नये.

आता मुख्य स्थळ, म्हणजे पपायरसचं दुकान. त्याच्या पाटीवर बहुधा 'इन्स्टिट्यूट' लिहिलेलं असतं, म्हणून इथे विद्यार्थ्यासारखं बसा. लव्हाळ्याचा दांडा सोलून, पट्ट्या कापून, आडव्याउभ्या रचून दाबतात, ते प्रात्यक्षिक खरोखर छान असतं. मग जास्वंदीचा लाल थंड चहा येतो आणि तुमचं नाव चित्रलिपीत लिहून मिळतं. त्याच्या पुढे अत्तराचं दुकान, त्याच्या पुढे दगडी फुलदाण्यांचं. म्युझियमला दीड तास आणि दुकानांना अख्खी दुपार ही वाटणी कोणी केली असं विचारू नका. बसमधल्या काकूंनी घासाघीस करून अर्ध्यात मिळवलेली चित्राची गुंडाळी रस्त्यावर एकाच्या भावात चार मिळते, हे त्यांना मुंबईपर्यंत कळू देऊ नये. ती केळीच्या सालपटाची निघते हे तर मुळीच नाही.

लक्सरला पोचाल तेव्हा कर्नाकच्या देवळात १३४ खांबांचा मंडप आहे. खांब इतके जाड की एकेकाला कवेत घ्यायला सगळी बस उतरवावी लागेल. तिथून झपाझप पुढे चला, कारण पवित्र तळ्याकाठी चौथऱ्यावर दगडी शेणकिडा बसलेला आहे. त्याला फेऱ्या मारल्या की इच्छा पुरी होते. किती फेऱ्यांना काय मिळतं ते गाइडगणिक बदलतं, पण प्रदक्षिणा म्हटल्यावर आपल्याला शिकवावं लागत नाही. चपला काढणारेही असतात. तिसऱ्या आमेनहोतेप राजाने हा किडा उगवत्या सूर्याचं रूप म्हणून घडवला होता, पण मुलाच्या ग्रीन कार्डाचं काम त्याच्याकडे सोपवायला काय हरकत आहे?

नाईलच्या पश्चिम काठावर राजांच्या खोऱ्याजवळ देर अल-मदिना म्हणून गाव आहे. तुमच्या टूरमध्ये ते नसेलच, असलं तर पाय दुखताहेत म्हणून बसमध्येच बसा. थडगी खोदणारे, रंगवणारे कारागीर इथे राहायचे. त्यांचं हजेरीपत्रक सापडलं आहे, दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षाचं. अमुक गैरहजर, विंचू चावला. तमुक गैरहजर, बिअर गाळत होता. तिसऱ्या रामसेसच्या काळात धान्याचा पगार थकला तेव्हा याच गावच्या लोकांनी हत्यारं खाली ठेवून संप केला. हे ऐकलं की आपल्याच ऑफिसातली माणसं चार हजार किलोमीटर आणि तीन हजार वर्षं ओलांडून समोर येऊन बसतात, आणि मग तुम्ही इजिप्त बघितल्याचा ठपका येतो. (हजेरीपत्रक लंडनला आहे आणि संपाचा कागद तुरिनला. इजिप्तने आपल्या सोयीसाठी बरंच काही आधीच बाहेर पाठवून ठेवलं आहे.)

शेवटचा सल्ला खरेदीचाच. देवळाबाहेर एखादा माणूस बाजूला बोलावेल, इकडेतिकडे बघेल आणि कफनीच्या खिशातून बोटभर निळी बाहुली काढेल. मेलेल्या धन्याच्या वतीने परलोकात शेतात राबायला थडग्यात ठेवायचे, त्यातली. तो कुजबुजेल, खरी आहे, तीन हजार वर्षांची, फक्त तुमच्यासाठी. घासाघीस करा, घ्या, मोज्यात गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवा. १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने इजिप्तमधली प्रत्येक पुराणवस्तू सरकारच्या मालकीची आहे आणि ती देशाबाहेर नेणाऱ्याला तुरुंग दाखवतात. तेव्हा कैरो विमानतळावर तुमची बॅग स्कॅनरखाली जाईल, पलीकडचा अधिकारी पडद्याकडे जरा वाकून बघेल, त्या क्षणी कुलदैवताला एवढंच मागा, की त्या माणसाने आपल्याला फसवलेलं असू दे.