जरा ठेवा हो खिशात

मंगळवारी रात्री झोपण्याआधी पँटचे खिसे रिकामे केले आणि सगळा माल पलंगावर मांडला. हिच्या चष्म्याची डबी एक. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी, दोन गोळ्या शिल्लक. मुलीचे इअरफोन, गुंता झालेले. केसांचा चाप. नवी पेठेत मॅचिंग बघायला नेलेली ब्लाउजपीसची चिंधी, रंग राणी (गुलाबी म्हणालो तर ओरडा बसतो). स्कूटीची किल्ली. सेफ्टी पिना दोन, पैकी एक उघडी. ती सापडायला मांडावं लागलं नाही, मांडीला आधीच कळली होती. माझं स्वतःचं म्हणाल तर एक रुमाल आणि वीस रुपये.

मी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावर एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. माल कुणाचा, भाडं कोण देणार, भिजला तर नुकसान कुणाच्या नावावर, एवढं कागदावर आल्याशिवाय आमच्या गोदामात एक गठ्ठा आत येत नाही. आणि माझ्या अंगावर सहा खिशांचं गोदाम चोवीस तास उघडं. भाडं नाही, पावती नाही. हरवलं तर मात्र जबाबदार मी.

सहा कसे, तर शर्टाला एक, पँटला बाजूचे दोन, मागचे दोन आणि रविवारी जीन्स घातली की उजव्या खिशात लपलेला तो छोटुकला. हा छोटा खिसा साखळीच्या घड्याळासाठी असायचा म्हणतात. घड्याळ मनगटावर जाऊन जमाना झाला, खिसा तिथेच राहिला. आमच्याकडे तो कानातल्याच्या फिरकीसाठी राखीव आहे. फिरकी म्हणजे मुगाच्या दाण्याएवढी वस्तू, पण ती हरवली की घरात सोनं चोरीला गेल्यासारखा शोध सुरू होतो आणि पहिली झडती माझी.

हे सुरू कसं झालं ते मला नीट आठवतं. साखरपुडा झाल्यावर आम्ही कंबर तलावाकाठी फिरायला गेलो होतो. चालता चालता हिने आपला छोटा रुमाल पुढे केला आणि म्हणाली, "जरा ठेवता का?" मी तो शर्टाच्या खिशात, हृदयाच्या बाजूला, अलगद ठेवला. घरी येऊन दोनदा काढून बघितला. बावीस वर्षं उलटल्यावर कळतंय की त्या संध्याकाळी माझ्याकडून गोदामाचा ताबा लिहून घेतला गेला.

तुम्ही म्हणाल, पर्स नाही का? आहे ना. पर्स भरलेली आहे. तिच्यात काय आहे हे विचारायचं नसतं. आणि बहुतेक वेळा ती घरीच असते, कारण "तुम्ही आहात ना बरोबर."

बायकांचा यात दोष नाही, हे मला उशिरा पटलं. माझी आजी नऊवारी नेसायची. कमरेला बटवा खोचलेला आणि पुढे निऱ्यांचं केळं. त्या केळ्यातून ती सुपारी, खडीसाखर, चार आणे, डोकेदुखीचा बाम असं काहीही काढायची. आजोबांना खिसा होता, पण पैसे आजीकडे असायचे. मग आई पाचवारीत आली. केळं गेलं, पदराची गाठ उरली. प्रवासाला निघताना आई परकराला आतून चोरखिसा शिवते. पण त्यातले पैसे भर रस्त्यात काढता येत नाहीत, त्यामुळे ती मुदत ठेव. रोजच्या खर्चाचं खातं अर्थात माझ्याकडे. त्यानंतर आला पंजाबी ड्रेस. बटवा नाही, केळं नाही, गाठ मारावी तर ओढणी शिफॉनची. सगळ्या जुन्या सोयी काढून घेतल्या आणि बदल्यात खिसा द्यायचा राहूनच गेला.

गंमत म्हणजे हे सोलापुरात घडतं. आमच्या गावात घरोघरी मशिनी चालतात, इथले शाळेचे गणवेश परराज्यात जातात. माझ्या मुलीच्या पिनाफोरला चांगला ऐसपैस खिसा होता, त्यात बोरं मावायची. दहावी पास झाली आणि खिसा गेला. आता तिच्या जीन्सला पुढे खिशाची शिवण आहे, काठ आहे, कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेटसुद्धा आहेत. हे रिव्हेट कष्टकऱ्यांचे खिसे फाटू नयेत म्हणून आले, अमेरिकेत 1873 साली त्याचं पेटंट घेतलं गेलं. मुलीच्या खिशात दोन बोटं जातात, तीही दुसऱ्या पेरापर्यंत. फाटायला आत आहे काय?

"बाबा, हे बघा," एकदा तिने मोबाइलवर वाचून दाखवलं. 2018 मध्ये अमेरिकेत कुणीतरी वीस ब्रँडच्या ऐंशी जीन्स घेऊन टेप लावून खिसे मोजले. बायकांचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांपेक्षा सरासरी अठ्ठेचाळीस टक्के आखूड निघाले. म्हणजे जवळजवळ निम्मे. मग तिने आणखी शोधलं. 1991 साली आल्प्सच्या बर्फात पाच हजार वर्षांपूर्वीचा एक माणूस सापडला होता, त्याच्या कमरपट्ट्याला चामड्याची पिशवी होती. आत गारगोटीची हत्यारं आणि विस्तव पेटवायला लागणारी वाळकी बुरशी. शास्त्रज्ञ ते सगळं त्याचंच सामान समजतात. मी बघताक्षणी ओळखलं. हत्यारं त्याची असतील, बुरशी बायकोची. "जरा ठेवा हो" म्हणाली असणार.

इतर गावांत हा नुसता त्रास असेल. सोलापुरात मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो, तेव्हा खिशात ठेवलेल्या वस्तूचं काय होतं ते आम्हाला विचारा. नोटा घामाने भिजून रिक्षावाल्याने परत केलेल्या आहेत. गोळीला चिकटलेलं चॉकलेट आईने मुकाट गिळलेलं आहे. पण सगळ्यावर कडी झाली होटगी रस्त्यावरच्या एका लग्नात. मुहूर्त दुपारी साडेबाराचा. हिने लिपस्टिक दिली, मी वरच्या खिशात ठेवली, पांढऱ्या शर्टाच्या. टोपण सैल होतं. मंगलाष्टकं चौथ्या कडव्याला आली तेव्हा शेजारचे काका माझ्या छातीकडे बघत उठले आणि दोघांनी मला धरून खुर्चीत बसवलं. कुणी कांदा आणायला धावलं, कुणी बटणं सोडू लागलं. अक्षता टाकायच्या हातांनी लोक मला वारा घालत होते. एवढ्यात गर्दी बाजूला सारत ही आली, खिशाकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, थोडीतरी शिल्लक आहे का?"

कारखान्यातही इभ्रत राहिलेली नाही. फुगलेल्या खिशांकडे बघून आमचा पॅकिंगचा मित्र रोज विचारतो, "काय बे, पगार झाला का?" गेल्या मार्चमध्ये ऑडिटरसमोर ऐटीत पेन काढलं, तर त्याच्या क्लिपला अडकून टिकल्यांचं पाकीट बाहेर आलं. ऑडिटर सभ्य गृहस्थ. त्यांनी आकडे तपासले, टिकल्यांबद्दल शेरा मारला नाही.

या गोदामाला कुलूप लागलं ते गड्ड्याच्या यात्रेत. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात, तेव्हा बरोबर चालणारे भक्त पांढरी बाराबंदी घालतात. मीही घालतो. बाराबंदीला बंद बारा, पण माझ्या बाराबंदीला खिसा एकही नाही. दरवर्षी ही आणि आई घरी थांबून मागाहून यायच्या, त्या वर्षी बरोबर निघाल्या. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" असा गजर चालला होता. तेवढ्यात माझ्या कमरेपाशी एक ओळखीचा हात आला. हातात मोबाइल. तो हात सवयीने डावीकडे चाचपडला, उजवीकडे गेला, मागे फिरून आला. सगळीकडे नुसते बंद.

"खिसा कुठाय?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातातली वस्तू तिच्याच हातात राहिली. मोबाइल, किल्ली, आईची औषधं, सुट्टे पैसे आणि वर होम मैदानावर मुलीसाठी घेतलेल्या बांगड्या, एवढं सगळं दोन हातांत धरून ती चार तास फिरली. घरी आल्यावर म्हणाली, "शिवताना एक खिसा ठेवायला काय झालं होतं?"

मी म्हणालो, "हेच तुझ्या ड्रेसबद्दल विचारतो."

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही तिघं अशोक चौकाकडे आमच्या टेलर मास्तरांकडे हजर. मास्तर गळ्यात टेप घालून बसलेले. त्यांच्या स्वतःच्या शर्टाला दोन खिसे, एकात खडू, दुसऱ्यात तपकिरीची डबी.

"लेडीज ड्रेसला खिसा?" मास्तर म्हणाले. "फिटिंग जातंय की सर. कापड पातळ असतंय. मोबाइल टाकला की ड्रेस एकीकडं लोंबतंय."

"जाड अस्तर लावा. बाजूच्या शिवणीतून काढा."

"किती खोल?"

"मनगटापर्यंत हात गेला पाहिजे," ही म्हणाली.

"फोन पूर्ण आत," मुलगी म्हणाली.

आणि मी पाठ असलेली यादीच सांगितली. चष्म्याची डबी, चाप, किल्ली, इअरफोन, चिंधी, पिना. मास्तरांनी खडू खाली ठेवला. "सर, ड्रेस शिवायचंय का कपाट?"

एका खिशाचे पन्नास रुपये जादा पडले. चार ड्रेस, आठ खिसे, चारशे रुपये. आयुष्यात एवढ्या आनंदाने मी दुसरं कुठलंही बिल भरलेलं नाही. साडीला खिसा होईना म्हणून आई तेवढी वगळली गेली. ती काही बोलली नाही.

नवा ड्रेस घालून ही पहिल्यांदा बाहेर पडली ती दोन्ही हात खिशांत घालूनच. लक्ष्मी मार्केटात भाजीवालीशी घासाघीस करताना हात खिशात, ओळखीचं कुणी भेटलं तरी हात खिशात. मापात पाप शोधायला आलेली इन्स्पेक्टर वाटत होती. मेथीची जुडी घेतली, स्वतःच्या खिशातून पैसे दिले, सुट्टे स्वतःच्या खिशात टाकले. मी पिशवी धरून नुसता उभा. माझ्या पँटला त्या दिवशी वजनच नव्हतं, चालताना खिसे फडफडत होते. हात आत घातला तर रुमाल आणि वीस रुपये. मधेच मी स्वतःहून विचारलं, "काही ठेवायचंय का?" ती म्हणाली, "नको."

आठ दिवसांनी माझ्या काळ्या पँटवर कागदाचा पांढरा भुगा चिकटून आला. पूर्वी हा गुन्हा माझा असायचा, खिसे न तपासता पँट धुवायला टाकली म्हणून. या वेळी कागदी रुमाल तिच्या खिशातला होता. घरात त्यावर चकार शब्द निघाला नाही.

यंदाच्या गड्ड्याला पुन्हा बाराबंदी घातली. सम्मती कट्ट्याकडे जाताना धूळ आणि धक्के इतके, की चष्मा काढून ठेवावा असं वाटलं. शेजारी ही ऐटीत चालत होती, हात खिशात.

"अगं, जरा ठेव ना हा खिशात."

तिने दोन्ही खिसे वरूनच थोपटले. "भरलेत हो. आधी सांगायचं."

"काय आहे एवढं?"

"शेंगा." तिने चार काढून माझ्या हातावर ठेवल्या.

मग चष्म्याची काडी मीच बाराबंदीच्या एका बंदात अडकवली आणि वर गाठ मारली. बसला झकास. दोन पावलं गेलो नसेन, तोच मागून आईने हाक मारली. तिच्या हातात गोळ्यांची पट्टी होती.

"अरे, तो खालचा बंद मोकळाय का?"