सिबिल ‘साफ’ करून देणाऱ्यांनो, माझ्या भावापासून लांब राहा

आज सकाळी परत तोच मेसेज. ‘सिबिल खराब? १५ दिवसांत ७५०+, गॅरंटी.’ सिबिल म्हणजे आपण कर्ज कसं फेडलं, यावरून मिळणारा स्कोअर. नंबर ब्लॉक केला, पण डोकं काही शांत होईना.

असाच एक गॅरंटीवाला माझ्या धाकट्या भावाला भेटला होता. त्याची नोकरी गेली आणि क्रेडिट कार्ड थकलं. वसुलीवाल्यांचे इतके फोन, की जेवायला बसला की तो मोबाइल पालथा घालून ठेवायचा. शेवटी निम्म्या रकमेत ‘सेटलमेंट’ झाली. पत्रावर ‘फुल अँड फायनल’. आईनं ते पत्र देव्हाऱ्यात ठेवलं. सुटलो एकदाचे, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं.

चार वर्षांनी होम लोन नाकारलं तेव्हा कळलं, क्रेडिट रिपोर्टात ‘सेटल्ड’ म्हणजे पूर्ण फेडलं नाही! सही घेताना एकानंही हे सांगू नये?

मग तो एजंट. पैसे आगाऊ, पॅन नंबर, वर ओटीपीसुद्धा. केलं काय, तर दिसेल त्या नोंदीवर भावाच्या नावानं तक्रार ठोकली. बँकेनं ‘नोंद बरोबर आहे’ म्हणून कळवलं आणि याचा फोन बंद. अरे, खरी नोंद कुणाला पुसता येत नाही, आणि चुकीची दुरुस्त करून घ्यायला छदामही लागत नाही! देशात क्रेडिट ब्युरो, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या, चार, प्रत्येकाकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तक्रार फुकट. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर उलट आपल्यालाच दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. त्यानंतरही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, तोही फुकट. मग हे लोक पैसे कशाचे घेतात?

घेतलेलं कर्ज फेडायलाच हवं, मान्य. सगळेच सल्लागार लबाड नसतात, तेही मान्य. पण अडलेल्या माणसाला लुबाडणं मला सहन होत नाही.

खरी मदत केली ती आमच्या बिल्डिंगमधल्या बँकेतून रिटायर झालेल्या काकांनी. ओटीपी नाही, पैसे नाहीत. आधी म्हणाले, रिपोर्ट आण. पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ वाचली. फ्रिजचं कर्ज फिटूनही चालू दिसत होतं. त्याची तक्रार भावाकडूनच करून घेतली, तीन आठवड्यांत दुरुस्त झालं. कार्डाचं मात्र सरळ सांगितलं, ‘बाळा, बँकेनं सोडलेली रक्कम भर, काही बाकी नाही असं नो ड्यूजचं पत्र घे, खातं क्लोज्ड दाखवायला लाव. उशिराचे हप्ते दिसतच राहतील. वेळ लागेल.’

दीड वर्ष लागलं. मध्ये एफडी तारण ठेवून छोटं क्रेडिट कार्ड घेतलं, लिमिटच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतच वापरतो, बिल दर महिन्याला आपोआप पूर्ण कापलं जातं. फोन वाजला की अजूनही दचकतो, पण आता उचलतो तरी.

गेल्या आठवड्यात नो ड्यूजचं पत्र आलं. आईनं देव्हाऱ्यातलं जुनं काढलं आणि नव्यासाठी हात पुढे केला.

भाऊ म्हणाला, ‘थांब आई, आधी रिपोर्टात दिसू दे.’