गोटी जाड म्हणून पकड घट्ट?

पावसाळा तोंडावर आला की पिकअपवाल्यांच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो: ‘ऑल-टेरेन टायर टाका. गोटी जाड असली की डांबर, चिखल, बर्फ, कुठंच गाडी घसरत नाही. बाजूला एम+एस छापलंय म्हणजे बर्फाचा टायर. पावसात हवा कमी ठेवा.’ (ऑल-टेरेन म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा टायर, गोटी म्हणजे त्याच्या नक्षीतला उंच रबरी ठोकळा, आणि एम+एस म्हणजे ‘मड अँड स्नो’, चिखल आणि बर्फ.)

आधी हवेचं, कारण तिथं जिवाशी गाठ आहे. चिखलात, वाळूत, बैलगाडीच्या वेगानं जाताना हवा कमी केल्याचा फायदा होतो. हैदराबाद रोडवर, डांबरावर वेगानं जाताना, नेमकं उलटं. साचलेल्या पाण्यावर टायर कोणत्या वेगाला तरंगायला लागतो, ते बरंचसं हवेवर ठरतं. नक्षी झिजलेली असेल तर नासाच्या जुन्या सूत्रानं ३२ पीएसआय दाबाला हा वेग ताशी साधारण ९४ किलोमीटर येतो, २५ ला ८३. म्हणजे हवा सोडून तुम्ही धोकाच अलीकडं ओढलात. वर मागं कांद्याची पोती असली तर टायर तापतो तो वेगळाच.

डांबरावरची पकड नुसत्या जाड गोटीची नसते. गोटीवर ब्लेडनं चिरल्यासारख्या बारीक चिरा आहेत का ते बघा. ओल्या रस्त्याला चावतात त्या चिरांच्या कडा. शिवाय रबर कडक असेल तर नुसती गोटी काय करणार?

चिखलाचं म्हणाल तर मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात माझी गाडी दहा पावलं गेली नाही तोच गोट्यांमधल्या खाचा बुजल्या आणि टायरचा गुळगुळीत भोपळा झाला. ती माती झटकायला खाचा रुंद लागतात. तो मड-टेरेन, म्हणजे खास चिखलाचा टायर, आणि ओल्या डांबरावर तो आणखी डावा. वाफसा येईपर्यंत थांबलो असतो तर बरं.

आता बर्फ. सोलापुरात तो गोळ्याच्या गाडीवरच दिसतो, पण मनालीला जाणारे आहेत. एम+एस हा शिक्का कंपनी नक्षीच्या आकारावरून मारते, त्यासाठी बर्फावर चाचणी लागत नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असेल तर टायर बर्फावर तपासलेला असतो. काही ऑल-टेरेनवर ते असतं. तरी गोठलेल्या काचेसारख्या रस्त्यावर ब्रेक लागेल याची हमी त्यात नाही. तिथं चाकाला साखळीच हवी. थंडीसाठीचा खास मऊ टायर आणलात तर तो आपल्या मे महिन्यात खोडरबरासारखा झिजेल.

मेसेजमधलं ‘ऑल-टेरेन टायर टाका’ एवढं मात्र मी सरसकट खोडणार नाही. खडीच्या रस्त्यावर हे टायर जास्त तग धरतात, माझ्याही गाडीला तेच आहेत. कायद्यानं नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, मी मात्र ३ वर आली की पावसाआधी बदलून टाकतो.