‘बिलो, अंडर, बिनीथ सगळं एकच’ हे खरं नाहीये

आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय, आमच्या ट्यूशनच्या पालकांच्या ग्रुपवर तर तीनदा आला. त्यात म्हटलंय की ‘खाली’साठी इंग्लिशमध्ये बिलो, अंडर, बिनीथ, अंडरनीथ असे चार शब्द आहेत पण अर्थ एकच, वस्तू चिकटून असेल तर अंडर लिहा, मध्ये गॅप असेल तर बिलो, मार्क जास्त हवे असतील तर बिनीथ, आणि आकडा आला की कुठलाही चालतो. मी फोंड्याला दहावी-बारावीच्या मुलांना इंग्लिश शिकवते, आणि हे वाचून मुलं पेपरात काय लिहितात ते मला तपासावं लागतं, म्हणून लिहितेय.

पहिलं ते चिकटण्याचं. पणजीला अटल सेतूखालून होडी जाते, पूल किती उंच आणि होडी किती खाली, तरी इंग्लिशमध्ये ती अंडर द ब्रिजच. का, तर ती पुलाच्या बरोब्बर खाली आहे, डोक्यावर पूल आहे. नदीच्या बाबतीत बिलो द ब्रिज म्हटलं तर होडी पुलाच्या पुढे, प्रवाहाच्या दिशेने खाली, म्हणजे मिरामारच्या बाजूला आहे असाही अर्थ निघतो. म्हणजे चिकटण्याचा नियम इथेच संपला.

आता खरा फरक कुठे आहे ते बघा. माझ्या मामाची शेती खाजनात आहे. ज्यांनी खाजन पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, ही जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली असते, बाजूने बांध घातलेला असतो आणि मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेचं, दार ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडतं आणि भरतीला नदीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप बंद होतं. लहानपणी मी बांधावर उभी राहून बघायचे, एका बाजूला नदी भरलेली आणि दुसऱ्या बाजूला त्याहून खाली भात कोरडं उभं. ते शेत बिलो हाय टाइड लेव्हल आहे, पण अंडर वॉटर नाही. बांध फुटला की मात्र तेच शेत अंडर वॉटर. शेत तेच, जागा तीच, शब्द बदलला, कारण बिलो पातळी सांगतो आणि अंडर वरून काहीतरी झाकतंय हे सांगतो. सांग्यातलं कुर्डी गाव साळावली धरणात गेलं, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव ते, वर्षातला बराच काळ अंडर वॉटर असतं आणि मे महिन्यात धरणाची पातळी खाली गेली की पुन्हा दिसतं.

मुलांना मी एक युक्ती सांगते, मराठीत मनात ‘-पेक्षा खाली’ येत असेल तर बहुतेक वेळा बिलो, आणि नुसतं ‘-खाली’ चिकटून येत असेल तर अंडर. पाण्याखाली, कायद्याखाली, देखरेखीखाली, सगळी अंडर. दरवेळी बसत नाही हं, दारिद्र्यरेषेखाली आपण जोडूनच म्हणतो पण इंग्लिशमध्ये बिलो, कारण ती रेषा आहे, पातळी आहे.

बिनीथचं सांगायचं तर एका हुशार मुलीने अर्जात ‘माझे मार्क बिनीथ दिले आहेत’ असं लिहिलं, फॉरवर्ड वाचूनच. पानावर पुढे काही दिलं असेल तर तिथे बिलोच लागतो. बिनीथ जुन्या वळणाचा, कवितेत शोभतो, आणि माणसाबद्दल आला तर ‘हे काम आपल्या प्रतिष्ठेला शोभत नाही’ असा अर्थ होतो, तो नोकरीच्या अर्जात चुकून गेला तर समोरच्याला उद्धटपणा वाटेल. याने मार्क वाढत नाहीत. अंडरनीथ वेगळा, चटई उचलली आणि किल्ली सापडली, तिथे तो छान बसतो.

राहिला आकडा. वय आणि किंमत यांना बोलताना अंडर जास्त चालतो आणि बिलोही चुकीचा नाही, इथे फॉरवर्ड अर्धा बरोबर आहे. पण टेंपरेचर शून्याच्या खाली गेलं की बिलो झिरो, आणि एकोणीस वर्षांखालच्या क्रिकेट टीमला बिलो नाइन्टीन मी आजपर्यंत कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.